पाटीवरचा धर्म

अ‍ॅनी बेझंट यांनी १९०७ च्या सुमारास ज्या विद्यापीठासाठी सनद मागितली, त्याचे योजलेले नाव होते ‘युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’. ती सनद मिळाली नाही. १९११ मध्ये बेझंटबाई आणि पंडित मदनमोहन मालवीय एकत्र आले, बाईंनी आपले सेंट्रल हिंदू कॉलेज या कामी दिले आणि १९१५ च्या कायद्याने जे उभे राहिले ते बनारस हिंदू विद्यापीठ. पाच वर्षांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. सबंध देशाचे म्हणून मनात आलेले विद्यापीठ दोन धर्मांच्या दारी जाऊन बसले.

इंग्रज सरकारला ही वाटणी सोयीची होती, हे खरेच. पण सगळे खापर त्यांच्या माथी फोडून आपण सुटत नाही. अलीगढच्या मूळ कॉलेजाला पतियाळाच्या महाराजांनी पैसे दिले; बनारसला निजामाची देणगी चालली. विद्यार्थीही कोणत्याही धर्माचा चालत होता. तेवढी उदारता दोन्हीकडे होती आणि ती नाकारू नये. मात्र बनारसच्या ‘कोर्टा’त, म्हणजे सर्वोच्च कारभारी सभेत, हिंदूखेरीज कोणी बसायचे नाही आणि अलीगढच्या सभेत मुसलमानाखेरीज कोणी नाही, असे कायद्यातच लिहिलेले होते. पैशाला विटाळ नव्हता, खुर्चीला होता. हे कलम १९५१ साली गेले, तेही संसदेने काढले म्हणून.

कलम गेले, मन तिथेच राहिले. १९६५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला केंद्रात शिक्षणमंत्री होते. बनारसच्या नावातून ‘हिंदू’ शब्द काढण्याची दुरुस्ती राज्यसभेत मंजूर झाली आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. विधेयक बारगळले. त्याच वर्षी अलीगढच्या कारभारात सरकारने हात घातला, तेव्हा तिकडेही गदारोळ उठला.

महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि गावोगाव दलितांची घरे जळाली. ज्या माणसाने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारून मराठवाड्याला शिकवले, त्याचे नाव पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून. रिकाम्या प्राध्यापकपदांसाठी, कुलूप लागलेल्या ग्रंथालयासाठी, नावावरून पेटणाऱ्या आपल्या समाजाने कधी एक एसटी तरी अडवली आहे काय?

२०१९ मध्ये बनारसच्या संस्कृत विद्याशाखेत एका मुसलमान संस्कृत पंडिताची रीतसर नेमणूक झाली. विद्यार्थ्यांनी धरणे धरले. त्यांना त्याच्या विद्वत्तेबद्दल तक्रार नव्हती, जन्माबद्दल होती. महिनाभरात तो ती जागा सोडून कला शाखेत गेला.

वाचकहो, तुमच्या तालुक्यातले कॉलेज कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे म्हणून ओळखले जाते, हे तुम्हाला न विचारता सांगता येते. संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला जा आणि उभे राहून एवढेच विचारा, की आपल्या कार्यकारिणीवर परका माणूस शेवटचा कधी घेतला होता. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.