बसून प्यायलेला चहा

आझाद मैदानावरचं धरणं आटोपलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. चेणे, काजूपाडा या भागातून आम्ही नऊजणी गेलो होतो. मी सोडून सगळ्या घरकामगार. पहाटे उठून, घरचा स्वयंपाक आवरून, घोडबंदर रस्त्यावरची गर्दी काढत ठाण्यापर्यंत बस आणि पुढे रेल्वे, असा प्रवास करून आलेल्या. स्टेशनकडे चालत निघालो. वाटेत एक जुनं इराणी हॉटेल लागलं. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ."

सगळ्या थांबल्या, पण आत कुणी शिरेना. "ताई, टपरीवरच घेऊ ना. आत कशाला?"

मी पुढे झाले म्हणून त्या आल्या. आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी होती. तरी पोऱ्या धावत आला आणि म्हणाला, "लेडीज लोक वरती, फॅमिली रूममध्ये." का, म्हणून विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. आम्ही खालीच, दाराजवळची दोन टेबलं जोडून बसलो. कुणी हाकललं नाही. नऊ चहा आणि पाच बनमस्का मागवले. एकजण सवयीने पदराने टेबल पुसायला लागली, तशा बाकीच्या हसल्या. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "अशी बसून, गरम गरम चाय पहिल्यांदाच पिली गं ताई."

पाऊण तास आम्ही बसलो. चळवळीबद्दल कुणी बोललं नाही. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या मालकिणीचा कुत्रा, यावर हसलो. मग एकीने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी काय सांगायचं?"

उत्तर लगेच ठरलं. धरणं लांबलं, असं सांगायचं.

मैत्रिणींनो, त्या उत्तराने मला अस्वस्थ केलं. धरण्याला गेलो हे सांगता येतं. दवाखाना, रेशन, देऊळ, मुलाची शाळा, हेही सांगता येतं. पण आम्ही मैत्रिणी हॉटेलात चहा पीत बसलो होतो, हे मात्र सांगता येत नाही. बाईला घराबाहेर असण्यासाठी कारण लागतं आणि ते कारण तिचं स्वतःचं असून चालत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं हेच आहे, की शहरात विनाकारण रेंगाळता येणं हा नागरिकत्वाचा भाग आहे आणि बायकांना तो मिळालेला नाही.

आमच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, "मारहाणीच्या केसेस पडल्यात, पगार थकलेत आणि तू चहाचं काय घेऊन बसलीस?" तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण चहा ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि सनातन्यांनी गदारोळ केला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, हा इतिहास तर फार जुनाही नाही. कुणी कुणाबरोबर, कुठे आणि कोणत्या कपातून चहा प्यायचा, यावरून माणसाची पायरी ठरवली गेली आहे.

ती वेगळी कपबशी गेली असं मानायचं कारण नाही. आमच्या बायका ज्या टोलेजंग इमारतींत कामाला जातात, तिथल्या कितीतरी स्वयंपाकघरांत 'बाईचा कप' ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा असतो. चहा मिळतो, नाही असं नाही. पण तो सकाळचा उरलेला, उभ्याने किंवा फरशीवर बसून घ्यायचा. सोफ्यावर बसून चहा पिणारी मालकीणही बाईच आहे, आणि हे आपण आपल्या मासिकात स्पष्ट लिहायला हवं. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांच्या घरी असा कप आहे?

मालकिणीचीही एक गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर ती कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. या २८९ मिनिटांत दुसऱ्यांसाठी केलेला चहा येतो. तो करणारीच्या वाट्याला बहुधा गार झालेला, तळाचा कप येतो. म्हणून हॉटेलातला चहा मला चैन वाटत नाही. तिथे बाईला दुसरं कुणीतरी चहा आणून देतं आणि कप विसळायला तिला उठावं लागत नाही.

इंग्लंडमधल्या बायकांना हे लवकर उमगलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये एरेटेड ब्रेड कंपनी, लायन्स यांची चहाची दुकानं निघाली. पुरुष सोबत नसतानाही मध्यमवर्गीय बाईने बसावं, अशी ती मोजक्या ठिकाणांपैकी होती. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी अशा टी रूम्समध्ये बैठका घेतल्या. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या अ‍ॅलन्स टी रूम्स त्यासाठी प्रसिद्ध होत्या. एकत्र बसायला जागा मिळाली की बायका बोलतात, आणि बोलल्या की संघटित होतात. अर्थात, त्या टेबलांवरच्या चहाची पानं आसाम-सिलोनच्या मळ्यांत खुडणाऱ्या बायकांना तसं टेबल कुणी दिलं नव्हतं. २०१५ साली केरळात मुन्नारच्या मळेकामगार बायकांनी बोनससाठी संप केला तो प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला सारून, हे आपण विसरू नये.

फॅमिली रूमबद्दलही एक न्यायाचं बोललं पाहिजे. एके काळी त्या आडोशामुळेच कित्येक बायका हॉटेलची पायरी चढू शकल्या. पण आडोसा ही सुरुवात होती. तोच कायमचा पत्ता झाला तर खालचा मजला पुरुषांचा, हे आपणच मान्य केल्यासारखं होईल.

मग करायचं काय? चेण्यापुरतं सांगते. रस्त्यालगत हॉटेलं आणि ढाबे आहेत, टपऱ्याही आहेत. तिथे दुपारी बसलेले दिसतात ते पुरुष. आमच्या बायका तिथे का बसत नाहीत, हे विचारलं तेव्हा पहिलं उत्तर 'लोक काय म्हणतील' हे नव्हतं. उत्तर होतं, "चहा प्यायलो तर मग जायचं कुठे?" मुतारी नाही म्हणून बाई दिवसभर पाणीसुद्धा बेताने पिते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतल्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आहे. तो महामार्गालगतच्या गावपाड्यांपर्यंत यायला हवा. नाक्यावर बायकांसाठी स्वच्छ, फुकट मुतारी आणि सावलीतला बाक, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी घरकामगारांची. २००८ च्या राज्याच्या कायद्याने घरकामगार कल्याण मंडळ दिलं, पण दुपारी अर्धा तास बसण्याचा हक्क दिला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांच्या विश्रांतीचा विचार आहे. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. मागण्यांच्या यादीत पगारवाढीच्या शेजारी विश्रांती आली पाहिजे.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. महिन्यातून एक दुपार गटाने हॉटेलात, खालच्या मजल्यावर बसायचं. अजेंडा न घेता. आपापले पैसे काढून.

आम्ही ते सुरू केलं आहे. नऊजणींपैकी सध्या पाच येतात. थोरल्या मावशींनी घरी खरं सांगितलं. नवरा म्हणाला, "घरी चहा नाही का?" त्यांनी उत्तर दिलं, "आहे. पण तो मलाच करावा लागतो." दोन दिवस तो बोलला नाही. पुढच्या महिन्यात मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.