‘तांत्रिक बिघाड’ म्हणे!

दिवाळीत अंधाराचे नाव काढू नये म्हणतात, तरी काढतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागीच थांबल्या, मोबाइलवरची आमची शाळाही सुटली (मुले खूष!). इमारतीचा पंप बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजी घागर घेऊन जिना चढल्या.

खुलासा आला : ‘तांत्रिक बिघाड’. कळवा-पडघा मार्गावरची ४०० केव्हीची एक वाहिनी दुरुस्तीला, भार दुसरीवर, तीही बंद पडली. यंत्र बिघडते, कबूल. पण बाहेरचे जाळे कोसळले तर बेटासारखे अलग होऊन आपली वीज राखायची सोय मुंबईने करून ठेवली होती ना? तीच ऐनवेळी निकामी! छत्री घरी विसरून पावसाच्या नावाने बोटे मोडावीत, तसा हा खुलासा.

आजी म्हणाल्या, “मास्तर, ‘तांत्रिक’ म्हणजे कुणीच जबाबदार नाही, असंच ना?”