आकाशातील सुरक्षितता, जमिनीवरची शिस्त

९ जून २०२५ रोजी सोलापूरच्या होटगी मार्गावरील विमानतळावरून गोव्याची नियमित विमानसेवा सुरू झाली आणि नगरवासीयांची दीर्घकाळची मागणी पुरी झाली. परंतु त्याच आठवड्यात, १२ जूनला, अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाण करताच कोसळले व त्यातील २४२ जणांपैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. १५ जूनला केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ पडून त्यातील सातही जण प्राणास मुकले. अशा वेळी विमान अधिक सुरक्षित की हेलिकॉप्टर, हा प्रश्न विचारला जाणे साहजिक आहे. तथापि केवळ दोन यंत्रांची तुलना करून त्याचे उत्तर मिळावयाचे नाही, असे आमचे मत आहे.

विमानाला तोलून धरतात ते त्याचे स्थिर पंख. त्यासाठी त्याला सतत पुढे धावत राहावे लागते व उतरावयास लांब धावपट्टी लागते. हेलिकॉप्टरच्या माथ्यावर फिरणारी पाती हेच त्याचे पंख. म्हणून ते अधांतरी एका जागी थांबू शकते आणि खळ्याएवढ्या जागेत उतरू शकते. इंजिन बंद पडताच ते दगडासारखे खाली येते, हा समज खरा नव्हे. खालून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताने पाती फिरत राहतात आणि त्या बळावर कुशल वैमानिक ते सुखरूप उतरवू शकतो. मात्र त्यासाठी पुरेशी उंची वा वेग हाताशी असावा लागतो. हेलिकॉप्टरचे काम तर बहुधा कमी उंचीवर, मंद गतीने, तारा, झाडे आणि कडे यांच्या सान्निध्यात चालते. त्याचा मोठा धोका या कामातच आहे.

प्रवासी विमानाभोवती शिस्तीचे एक मोठे कुंपण असते. धावपट्टी ठरलेली, मार्ग ठरलेला, हवामानाची वार्ता सज्ज, अग्निशामक दल उभे. या शिस्तीचे मोल सोलापूरने स्वतः दिले आहे. विमानांच्या मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. सभासद व कामगार यांचा त्यास तीव्र विरोध होता, आणि त्यांची व्यथा खोटी नव्हती. तरीही उड्डाणाच्या वाटेत अडथळा नको, हा दंडक पाळला गेला.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत हा दंडक कोठे जातो? निवडणुका आल्या की रातोरात शेत सपाट करून, चुन्याचे वर्तुळ आखून हेलिपॅड तयार होते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सर्वजण बचावले, हे दैवच म्हणावयाचे. ३ मे २०२४ रोजी महाड येथे प्रचाराच्या दौऱ्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरतानाच कलंडले. आपल्या भागात तर प्रचाराचे दिवस कधी कधी उन्हाळ्याचे असतात. तापलेली हवा विरळ होते, तिचा आधार कमी पडतो, आणि पात्यांच्या झोताने उडालेल्या धुळीत वैमानिकास जमीनच दिसेनाशी होते.

म्हणून हेलिकॉप्टर नकोच, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा माढा-परांडा भागात अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हेलिकॉप्टरच धावून आले. तेथे धावपट्टीवरच्या विमानाचा काय उपयोग? ज्या कामात दुसरे साधन चालत नाही, तेथे धोका पत्करणे हे कर्तव्य ठरते. परंतु दोन सभांमधील तासाभराचा वेळ वाचविण्यासाठी तोच धोका पत्करणे ही केवळ हौस होय. या दोन्ही उड्डाणांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात पूररेषेबाहेर, तारांपासून दूर, पक्क्या जमिनीचे एक कायम हेलिपॅड असावे. वाऱ्याची दिशा दाखविणारी खूण तेथे बारमाही असावी आणि त्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी तसेच निवडणुकीपूर्वी व्हावी. सभेला येणाऱ्यांनी तेथेच उतरून पुढे मोटारीने जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘आज उड्डाण होणार नाही’ हा वैमानिकाचा शब्द अखेरचा मानला जावा, मग खोळंबलेला प्रवासी कितीही मोठ्या पदावरचा असो. कारखान्याची चिमणी उतरविण्यास लावणाऱ्या शासनाने हा नियम आपल्या मंत्र्यांनाही लागू करावा, एवढी अपेक्षा सोलापूरकरांनी बाळगली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.