पार्सलमध्ये अडकलेला जावई

लंडनचा डॉक्टर, दुबईचा इंजिनिअर, अमेरिकेतला विधुर व्यापारी. लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर अशी स्थळे दिसली की आपल्या हिंगणघाट-पुलगावच्या घरांतही सर्वांचे डोळे लकाकतात. परदेशी म्हणजे श्रीमंत, हा आपला समज. तिकडच्या एजन्सीही हिंदुस्थानी मुलगी म्हणजे साधी, घरेलू, उलट न बोलणारी, असे चित्र रंगवून गिऱ्हाईक जमवतात. ठगाचा धंदा या समजांवरच चालतो.

पद्धत बहुधा ठरलेली असते. गाठायचे ते तलाकशुदा, विधवा किंवा वय वाढलेल्या भगिनीला. कारण ‘आता तुला कुठले स्थळ येणार?’ हे आपणच तिच्या कानी घातलेले असते. काही आठवडे गोड संदेश येतात, वाक्यावाक्याला ‘माशाअल्लाह’. मग कळते की तिच्यासाठी दागिने आणि पौंड पाठवले आहेत. दोन दिवसांनी ‘दिल्ली विमानतळावरील कस्टममधून’ फोन येतो: पार्सल अडकले आहे, कर भरा. तो भरला की दंड, दंड भरला की प्रमाणपत्राची फी. पार्सल मुळात नसतेच. कस्टम खाते कुणाच्या खासगी बँक खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

इंटरनेटच्या आधीही हे होतेच. आखातातल्या पैशासाठी हैदराबादेत मुली कशा दिल्या जात, ते सागर सरहदी यांनी १९८२ च्या ‘बाजार’ चित्रपटात दाखवले. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या पोलिसांनी ओमान आणि कतारच्या शेखांना अटक केली. पकडलेल्यांत काजीही होते. पूर्वी दलाल दारात येई, आता तो मोबाइलमधून येतो.

आपल्या दीनने सोपी कसोटी दिली आहे. निकाहात महर पुरुषाने स्त्रीला द्यायचा असतो. जो निकाहाआधीच तिच्याकडे पैसे मागतो, त्याचे स्थळ तिथेच संपले. वली आणि साक्षीदार हवेत ते उगाच नव्हे. मुलाच्या गावचा, मोहल्ल्याचा, नोकरीचा तपास प्रत्यक्ष माणसाकडून करा. ‘घरी सांगू नकोस’ म्हणणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका. वेबसाइटने सदस्याची ओळख तपासावी, अशी सूचना केंद्र सरकारने जून २०१६ मध्येच दिली आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची आशा अधिक. स्क्रीनशॉट, पावत्या, नंबर पुसू नका. निकाहानंतर परदेशस्थ नवऱ्याने टाकले असेल, तर राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून त्यासाठी वेगळा कक्ष आहे.

आणि मायबापहो, मुलगी रडत सांगायला आली तर ‘चार लोक काय म्हणतील?’ हे आधी विचारू नका. ठगाला सर्वांत मोठा आधार आपल्या घरातल्या गप्प बसण्याचाच असतो.