आलं तसं पाठवलं!

यंदा फराळाला बसण्याआधी मला एक भांडण उरकून घ्यायचे आहे. भांडण जुने आहे, आणि ज्यांच्याशी आहे ते माझे चाळीस वर्षांचे स्नेही आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. नावाला महत्त्व नाही, कारण असे एक अण्णा, वाचकहो, तुमच्याही घरात, शेजारी किंवा आळीत असणारच. कदाचित हा अंक हातात धरून तेच हे वाचत असतील.

दर दिवाळीला, वसुबारसेच्या सुमारास, अण्णांकडून मला एक चित्र येते. काळ्याभोर रात्रीत भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, तांबडे ठिपके, आणि खाली मजकूर : दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून टिपलेला आपला भारत, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. चित्र सुरेख आहे, यात शंका नाही. पण ते दिवाळीचे नाही, आणि कुठल्याही एका रात्रीचेही नाही. ख्रिस एल्व्हिज नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २००३ साली ते रंगवले. वस्ती कशी वाढत गेली हे त्याला दाखवायचे होते. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे. निळे, हिरवे आणि तांबडे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ साली नव्याने दिसू लागलेले. पुढे नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचे, म्हणजे ऐन दिवाळीतले, खरे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि स्वच्छ सांगितले की, दिवाळीत जो जादा उजेड पडतो तो इतका सूक्ष्म असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही.

हे मी अण्णांना पाच वेळा सांगितले. सहाव्या दिवाळीला चित्र पुन्हा हजर!

आता अण्णा अडाणी आहेत असे कोणी समजू नये. सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात त्यांची हयात गेली. मंडईत नारळ घेतील तर कानाशी धरून हलवून बघतील, आंबा घेतील तर देठाशी हुंगतील, दुकानदाराने परत दिलेली नोट उजेडात धरून निरखतील. असा चोखंदळ माणूस, पण हातातल्या फोनवर 'अत्यंत महत्त्वाचे' असे लिहून आलेली कोणतीही गोष्ट तो न हुंगता, न हलवता पन्नास घरी पोचती करतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालूनही माग काढणारी चकती असल्याचे मला अण्णांनीच कळवले. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला क्रमांक दिला, हेही त्यांच्याकडूनच कळले. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. पु. ल. आणि व. पु. यांच्या नावावर त्यांनी मला जे उतारे पाठवले आहेत, त्यांतले काही त्या दोघांनी वाचले असते तर लेखणी खाली ठेवली असती.

अण्णांना जाब विचारला की त्यांची तीन उत्तरे ठरलेली असतात. ती एकेक करून तपासू.

पहिले उत्तर : "मी कुठे लिहिलंय? आलं तसं पाठवलं!" म्हणजे आपण निव्वळ टपालवाले. पण टपालवाल्याच्या हातातले पाकीट बंद असते. तो ते फोडत नाही, वाचत नाही, आणि वर 'अवश्य वाचा' असा शेरा तर मुळीच मारीत नाही. अण्णा हे तिन्ही करतात. दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा खवा विकताना पकडलेला हलवाई "घाऊक व्यापाऱ्याकडून आला तसा विकला" असे म्हणाला, तर अण्णा त्याला सोडतील काय? आपण खवा घेतो तो हलवायाच्या नावावर. आणि लोक अण्णांचा निरोप खरा मानतात तो अण्णांच्या नावावर. चाळीस वर्षांत कमावलेला शब्द ते एका अंगठ्यासरशी कुणा अनोळखी इसमाला उसना देऊन टाकतात, आणि तोही बिनव्याजी!

आमच्या लहानपणीही देवादिकांच्या नावाने साखळीपत्रे येत. अकरा जणांना पाठवा, भरभराट होईल. फाडाल तर अरिष्ट येईल. परंतु तेव्हा अकरा कार्डे विकत आणावी लागत आणि अकरा वेळा हाताने लिहावी लागत. चौथ्या कार्डाला बोटे दुखू लागत, आणि दुखणारी बोटे माणसाला विचार करायला लावीत. आता बोटेच दुखत नाहीत.

दुसरे उत्तर : "खोटं असलं म्हणून कुणाचं काय बिघडलं?" इथे मात्र मला हसू येत नाही.

जून २०१८ ची गोष्ट. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरते आहे, असा निरोप एका सकाळी अण्णांनी आमच्या वसाहतीतल्या सगळ्यांना पाठवला. मी तो वाचला. मला शंका आली, पण मी काही बोललो नाही. उगीच सकाळी सकाळी अण्णांचे मन कशाला दुखवा! दुपारी खांद्यावर घोंगड्यांचे ओझे घेतलेला एक म्हातारा फाटकातून आत आला आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला त्याने पाणी मागितले. पाच मिनिटांत वीसेक माणसे जमली. सगळी शिकलेली, माझ्या रोजच्या ओळखीची. कोणी त्याचे ओझे हिसकले, कोणी गचांडी धरली, एकाने थोबाडीत दिली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अरे, सोडा त्याला! गेल्या वर्षी मी याच्याकडूनच घोंगडी घेतलीय!" म्हणून तो सुटला. विखुरलेल्या घोंगड्या त्याने एकेक करून गोळा केल्या आणि पाणी न पिताच तो निघून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. तिथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेस्तोवर मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून पोट भरणारी माणसे ती. तिथे घोंगडी घेतलेली आजी कोणी नव्हती. त्या दिवसांत देशभर एक चित्रफीत फिरत होती : मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे पोर उचलून नेतात. ती मुळात कराचीत, लोकांनी मुलांना जपावे म्हणून तयार केलेली होती; शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवटच कोणीतरी कापून टाकला होता. कापणारा एकच असेल. पुढे पाठवणारे लाखो होते, आणि त्या लाखोंपैकी प्रत्येक जण म्हणाला असेल, आलं तसं पाठवलं.

त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राला लगाम घातला गेला. आपल्या हाताला कोणी घालायचा?

तिसरे उत्तर सर्वांत गोड : "मास्तर, भावना तर चांगली आहे ना?" भावना चांगली असेल तर तिला खरे अन्न घाला, अण्णा! २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, ते सबंध जगाने पाहिले. एवढा खरा अभिमान पदरी असताना खोट्या चित्राची उसनवारी कशासाठी? ज्याला आपल्या आईचे कौतुक सांगायचे आहे, त्याने शेजारणीचे दागिने तिच्या अंगावर चढवू नयेत. एक दागिना खोटा निघाला की लोक खऱ्या पाटल्यांकडेही संशयाने पाहू लागतात.

आता माझी स्वतःची झडती. एकदा वादाच्या भरात मी अण्णांना म्हणालो, "एका अक्षराने घात होतो, अण्णा! आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला आणि नारायणराव मारला गेला!" अण्णा शांतपणे म्हणाले, "कशावरून? तुमच्याजवळ पुरावा आहे?" मी घरी येऊन पुस्तके काढली. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, हे पक्के. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले, हेही सर्वश्रुत. परंतु कागदातले अक्षर आनंदीबाईंनीच बदलले, याला निर्णायक पुरावा नाही. ती ऐकीव कथा आहे. आणि मी ती तीस वर्षे वर्गात, फळ्यावर 'धरावे' आणि 'मारावे' लिहून, पोरांना शिकवली! एका बाईच्या माथी खून मारला. मीही आलं तसंच पाठवत होतो.

मी काय केले? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दोन ओळी लिहिल्या, की ही गोष्ट मी खात्री न करता सांगितली, चूक माझी आहे. फार लाज वाटली. पण कोणी हसले नाही. उलट दोघांनी आणखी वाचायला पुस्तके विचारली.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. काही पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि कशावरून सांगितले? उत्तर मिळेना तर निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा. आपल्यावाचून जगाचे काही अडत नाही. आणि चुकून पाठवलेच, तर जिथे खोटे सांगितले तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात, ते खोटे होते असे सांगावे. भीड ही भिकेची बहीण, असे आपले लोक म्हणत आले. त्या जूनच्या सकाळी मी भीड धरली, आणि ती थोबाडीत माझ्यावाचून दुसऱ्याच कुणाला तरी बसली.

अण्णा, वाचत असाल तर फराळाला या. चकल्या यंदा खुसखुशीत झाल्या आहेत. वाटल्यास एक मोडून खात्री करून घ्या. पण निघण्यापूर्वी त्या चित्राखाली तेवढ्या दोन ओळी लिहून या. मी दार उघडे ठेवतो.