रहोभ्याख्यान नेमकं कोणाचं?



परवा स्वाध्याय संपल्यावर कोणीतरी मोबाइलवर सारा फर्ग्युसनची जुनी मुलाखत लावली. ही सारा म्हणजे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथची सून, डायनाची जाऊ, अँड्र्यूची घटस्फोटित बायको. दोन मिनिटं झाली नाहीत तोच एका काकूंनी निकाल दिला, "नवराबायकोतलं चव्हाट्यावर मांडणं म्हणजे रहोभ्याख्यान. सत्याणुव्रताचा अतिचार!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी गल्लीतली एक मुलगी बसली होती, दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झालेली. तिनं मान खाली घातली. काकूंचा रोख इंग्लंडकडे नव्हता, हे तिलाही कळलं.

मी तिथे गप्प बसले. ते चुकलंच. म्हणून आज लिहिते.

साराचं लग्न 1986 मध्ये झालं आणि मार्च 1992 मध्ये दोघं वेगळी झाल्याचं जाहीर झालं. त्याच ऑगस्टमध्ये ती दक्षिण फ्रान्समध्ये एका परपुरुषासोबत सुट्टीवर असताना छायाचित्रकारानं लपून फोटो काढले आणि लंडनच्या 'डेली मिरर'नं ते छापले. ती तेव्हा बाल्मोरलला सासरच्या माणसांतच होती! तिचं वागणं पटो न पटो, पण एकांतातली गोष्ट जगासमोर कोणी आणली? छापणाऱ्यांनी आणि विकत घेऊन वाचणाऱ्यांनी. त्यांना अतिचार लागत नाही का? तिचं आत्मचरित्र आणि घटस्फोटावरच्या मुलाखती हे सगळं त्यानंतरचं.

आणि तिनं सांगितलं तरी काय? नवरा नौदलात, पहिली पाच वर्षं वर्षाकाठी जेमतेम 40 दिवस घरी. हे शयनघरातलं गुपित आहे की एका बाईचं दुःख? (फौजेतल्या नवऱ्यांच्या बायका आपल्याकडेही आहेत, त्यांना विचारा.) अँड्र्यूला तिनं शिव्या दिल्या नाहीत. उलट त्याला आपला जिवलग मित्रच म्हणत राहिली. घटस्फोटानंतरही दोघं कित्येक वर्षं विंडसरच्या रॉयल लॉजमध्ये एकाच छपराखाली राहिली.

मे 1996 मध्ये घटस्फोट झाला, 'हर रॉयल हायनेस' गेलं आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर उरला. त्यातलं बरंचसं तिच्या उधळेपणाचं, हेही खरं. मग तिनं त्याच वर्षी आत्मचरित्र लिहिलं, अमेरिकेत जाऊन वजन घटवण्याच्या कंपनीची जाहिरात केली. लोक म्हणाले, राजघराण्याची अब्रू विकली. अहो, पण ती खाणार काय होती? कष्टाचे पैसे होते ते.

मी तिला सती ठरवत नाही. 2010 मध्ये नवऱ्याची गाठ घालून देण्यासाठी पाच लाख पौंड मागताना ती एका वृत्तपत्राच्या सापळ्यात सापडली. एपस्टीनसारख्या माणसाकडून कर्जफेडीसाठी 15,000 पौंड घेतल्याचं 2011 मध्ये तिनंच कबूल केलं, माफी मागितली, पण 2025 मध्ये तेच प्रकरण पुन्हा वर आलं आणि अनेक सेवाभावी संस्थांनी तिच्याशी संबंध तोडले. त्या लोभाची निंदा करा, मीही करते. पण काकूंचा राग त्याच्यावर नव्हताच. त्यांचा राग ती बोलली यावर होता.

आता शास्त्रच काढलंय तर पान पुरतं वाचूया. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार पाच आहेत. आपण बायकांना सुनावायला त्यातला एकच उचलतो. त्याच्या शेजारी कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटी कागदपत्रं करणं. डायनाची 1995 ची मुलाखत आठवते ना? ती मिळवण्यासाठी मार्टिन बशीरनं बँकेचे बनावट कागद तिच्या भावाला दाखवले होते, हे 2021 च्या चौकशी अहवालात आलं. तोवर पंचवीस वर्षं बोल मात्र डायनालाच, की ही घरातलं बाहेर बोलली.

त्याच ओळीत न्यासापहारही आहे, म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू दाबून ठेवणं. हा शब्द आपल्या स्वाध्यायात कधी मोठ्यानं उच्चारला गेलाय का? शेजारी बसलेल्या त्या मुलीच्या पाटल्या आणि मोहनमाळ लग्नानंतर "लॉकरमध्ये ठेवते" म्हणून सासूबाईंनी घेतल्या, त्या अजून तिकडेच आहेत. तिनं दोनदा माणूस पाठवला. तिसऱ्यांदा चार जणींत बोलली, तर आपण तिला वचनगुप्ती शिकवली! घरातलं बाहेर काढू नकोस म्हणे. दागिने बाहेर काढा असं त्या घराला सांगायला आपल्यातली एकही गेली नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारी वाचनाची पाळी माझी आहे. सातवाच अध्याय घेणार आहे. काकूंना आधीच फोन करून या म्हटलंय, आणि त्या मुलीच्या सासूबाईंनाही.