संथ पान : दोष नेमका कुठे?



दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास बहुतेक पेढ्यांवर एकच तक्रार ऐकू येते : "जीएसटीचे पान उघडतच नाही." पडद्यावर चक्र फिरत राहते, मुनीमजी पुनःपुन्हा बटण दाबतात. मग कोणी म्हणते, इंटरनेटवाल्याला बोलवा; कोणी म्हणते, संगणकच बदला. ही तक्रार केवळ गैरसोयीची नाही. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारखेची मुदत असते. ३बी उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये, आणि देय कर शून्य असल्यास २० रुपये, विलंब शुल्क लागते. शिवाय रोखीने भरावयाच्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज चढते. संथ पानाचा हिशेब असा थेट गल्ल्यापर्यंत पोहोचतो.

उपाय करण्यापूर्वी दोषाची जागा शोधावी, ही हिशेबनिसांची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. तेरीज जुळली नाही तर जाणता हिशेबनीस सगळ्या वह्या नव्याने लिहायला बसत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. तिला नवाने निःशेष भाग जात असेल तर कुठेतरी ७२ चे २७ झाले असावेत, असा संशय धरतो आणि शोधाचे क्षेत्र आवळत नेतो. संकेतस्थळाचे पानही आपल्यापर्यंत चार टप्प्यांतून येते : त्या संस्थेचा सर्व्हर, इंटरनेट कंपनीची लाइन, आपला राऊटर आणि शेवटी आपला संगणक व त्यावरील ब्राउझर. यांपैकी कोणता टप्पा अडला आहे, हे तीन प्रश्नांनी पाच मिनिटांत कळते.

पहिला प्रश्न : एकच संकेतस्थळ संथ आहे की सगळीच? त्याच संगणकावर आणखी दोन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती झटकन उघडली आणि फक्त जीएसटीचेच पान अडले, तर बहुधा गर्दी पलीकडे आहे. अशा वेळी राऊटर बदलून काही साधत नाही. बटण वारंवार दाबू नये. प्रत्येक वेळी मागणी नव्याने जाते आणि रांग वाढते. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा.

दुसरा प्रश्न : मोबाइलवर ते पान कसे उघडते? मोबाइलचे वाय-फाय बंद करून त्याच्या स्वतःच्या डेटावर पान उघडावे, मग वाय-फाय लावून पुन्हा उघडावे. डेटावर वेग आणि वाय-फायवर अडखळ, असे दिसले तर दोष राऊटरचा किंवा लाइनचा. राऊटरचा वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. राऊटर कुठे ठेवला आहे, तेही पाहावे. लोखंडी कपाटामागे किंवा गोदामाच्या जाड भिंतीपलीकडे ठेवलेल्या राऊटरकडून वेगाची अपेक्षा धरता येत नाही. हिशेबाच्या संगणकाला राऊटरपासून थेट केबल जोडणे सर्वांत उत्तम. त्याच लाइनवर दुकानातील कॅमेरे चित्रण बाहेर पाठवत असतील किंवा कोणाच्या मोबाइलमधील छायाचित्रे साठवणीसाठी वर चढत असतील, तर कामाच्या वेळेपुरते ते थांबवावे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून ४० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतात. कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा.

तिसरा प्रश्न : खासगी खिडकीत काय होते? क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबली की खासगी खिडकी उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबावे. या खिडकीत ब्राउझरला जोडलेली एक्स्टेंशने, म्हणजे जोड-साधने, आपण वेगळी परवानगी दिली नसेल तर बंद असतात आणि जुना साठाही वापरला जात नाही. येथे पान वेगाने उघडले तर दोष जोड-साधनांचा किंवा त्या साठ्याचा आहे. सवलतीची कूपने दाखवणारी, फाइलचे रूप बदलून देणारी अशी साधने कधीतरी घेतली जातात आणि मग कायमची मुक्काम ठोकतात. जी वापरात नाहीत ती काढून टाकावीत. साठ्याला संगणकाच्या भाषेत 'कॅश' म्हणतात. गल्ल्यातील रोकडीशी त्याचा संबंध नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून तो पुसता येतो. मात्र पुसताना 'पासवर्ड' या नोंदीपुढे खूण नाही, याची खात्री करावी.

खासगी खिडकीतही सारे संथच असेल, तर संगणकावरील भार पाहावा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की कोणता टॅब किती स्मृती व्यापतो, याची यादीच समोर येते. ४ जीबी स्मृतीच्या संगणकावर टॅली, एक्सेल आणि वीस टॅब एकाच वेळी उघडे ठेवले तर तो थकणारच. अपरिग्रहाचे व्रत कपाटापुरते न ठेवता टॅबलाही लावावे; पाहून झालेले पान बंद करावे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल, तर संगणक रोज 'शट डाउन' केला तरी तो आपली आतील अवस्था जपून ठेवतो. नव्याने सुरुवात होते ती 'रिस्टार्ट' केल्यावरच. म्हणून आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करावे. एवढे करूनही संगणक रखडत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याचा विचार करावा. नव्या संगणकाहून हा खर्च पुष्कळच कमी असतो.

येथवर प्रश्न वेळेचा होता. पुढील दोन प्रसंगांत प्रश्न पैशाचा असतो.

कर भरताना पान मध्येच अडले तर पुन्हा 'पे' दाबू नये. आधी बँक खात्याचा उतारा पाहावा. चलनावरील १४ अंकी सीपीआयएन क्रमांक पोर्टलवर 'ट्रॅक पेमेंट स्टेटस' येथे टाकला की भरणा पोहोचला की नाही, ते कळते. खात्यातून रक्कम गेली, पण दुसऱ्या दिवशीही रोख खातेवहीत जमा दिसली नाही, तर पोर्टलवर पीएमटी-०७ हा तक्रार अर्ज भरता येतो. चलनाची प्रत आणि उतारा जपून ठेवावा.

दुसरा प्रसंग अधिक घातक आहे. रखडलेल्या पानासमोर माणूस उतावीळ होतो आणि फसवणारा नेमका याच उतावळेपणाची वाट पाहत असतो. "तुमचा संगणक संथ झाला आहे, येथे दाबा" अशी चौकट अचानक उघडली तर ती बंद करावी. मदतीचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रात मिळेल तो घेऊ नये. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. दुरुस्तीच्या निमित्ताने अनोळखी व्यक्तीने आपला पडदा पाहण्याचे ॲप घ्यायला सांगितले, तर तत्काळ नकार द्यावा. पडदा त्याला दिसू लागला की ओटीपीही दिसतो. फसवणूक झालीच तर क्षण न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक.

हे तीन प्रश्न कागदावर लिहून हिशेबाच्या संगणकाशेजारी लावावेत, म्हणजे आपण दुकानात नसतानाही मुनीमजींचे काम अडणार नाही. आणि विवरणपत्राचा दिवस आपणच दोन-तीन दिवस अलीकडे आणावा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. २० तारखेचे काम १७ तारखेला उरकणे ही त्याच शिस्तीची पेढीवरची बाजू आहे. त्या दिवशी पान संथ असले, तरी हाती तीन दिवस असतात.